बिल करायचं राहिलं आणि चोर ठरलो : तुमचे अनुभव सांगा

चतुर्थीला आठ दिवस होते. नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, सामान आणायला मी फोंड्यातल्या एका मोठ्या दुकानात गेले. रवा, गूळ, सुकं खोबरं, खसखस ट्रॉलीत टाकत होते. वेलचीचं पुडकं एवढंसं, जाळीतून दोनदा खाली पडलं. म्हणून हँडलला अडकवलेल्या माझ्या कापडी पिशवीत ठेवलं. रांगेत असताना सासूबाईंचा फोन आला, गणपतीवरच्या माटोळीला बांधायला सुपारीचा घोस मिळाला का म्हणून. बोलता बोलता २,३४० रुपये भरले आणि निघाले.

दारावर वॉचमनने पिशवी बघायला मागितली. पुडकं हातात धरून त्याने ते वर केलं, सगळ्यांना दिसेल असं. मॅनेजर आला. "बाय, हें बिलार ना." मी पर्स उघडत म्हटलं, राहिलं, लगेच देते. तर म्हणाला, सगळे असंच म्हणतात. मागे फिनाइलचे खोके ठेवायच्या खोलीत मला चाळीस मिनिटं बसवलं. २१० रुपयांच्या वेलचीचे दहापट पैसे भरा, नाहीतर पोलीस बोलावतो. मी भरले. एका कागदावर सहीही केली, वाचली नाही. मी शाळेत शिकवते, रांगेत माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई उभी होती. तेवढंच डोक्यात होतं.

घरी कुणाला सांगितलं नाही. त्या रस्त्याने रिक्षासुद्धा नेत नाही. असं आणखी कुणाच्या वाट्याला आलं असेल तर लिहा. नाव नको, गाव पुरे.

मडगाव

वय ७१. चष्म्यांच्या दुकानात वाचायचे चष्मे लावून बघत होतो. माझा स्वतःचा खिशात घातला, त्यांचा डोक्यावर चढवला आणि तसाच बाहेर पडलो. किमतीची चिठ्ठी कानाशी लोंबत होती. काउंटरवरची मुलगी धावत आली, हळूच म्हणाली, "काका, तुमचा जुना चष्मा खिशात आहे का बघा." बस, एवढंच. तुमचं वाचलं तेव्हा त्या मुलीची आठवण झाली. तिने मला आधी माणूस समजलं.

डिचोली

मुलीसाठी मडगावला बूट घेतले, बिलासकट. दुसऱ्या दिवशी तेच घालून ती पणजीत १८ जून रोडवरच्या कपड्यांच्या दुकानात शिरली. आत जाताना कुणाचं लक्ष नव्हतं, बाहेर पडताना दारातला भोंगा वाजला. तीनदा आत-बाहेर करायला लावलं, ओढणी झटकायला लावली. सोळा वर्षांची पोर. शेवटी एका बाईने बूट काढायला सांगितलं आणि तळव्याखालची पांढरी पट्टी सापडली. कुणी माफी मागितली नाही, "जा" म्हणाले. ते बूट कपाटात पडून आहेत, घाल म्हटलं तर रडते.

पणजी

मी अशाच एका दुकानात कॅशवर आहे, सहा वर्षं झाली. ती पांढरी पट्टी म्हणजे चिकटवलेला टॅग. बिल करताना वस्तू काउंटरवरच्या पॅडवरून फिरवायची असते, मग तो निकामी होतो. गर्दीत आमच्याकडून वस्तू नीट फिरत नाही आणि टॅग जिवंत राहतो. त्याच पद्धतीचे खांब असलेलं कुठलंही दुकान मग ओरडतं. म्हणजे चूक कॅशवरच्या माणसाची आणि मान खाली जाते गिऱ्हाइकाची. मी हे मान्य करते.

वॉचमनचीही बाजू सांगते. महिनाअखेरीला माल मोजतात तेव्हा जे कमी भरतं त्याचा जाब त्याला विचारतात. आमच्याकडे रोजच्या रोज खरोखरच्या चोऱ्या होतात, रिकामे खोके मागच्या शेल्फांवर सापडतात. तरी आमच्या जुन्या सुपरवायझरबाईंनी एक वाक्य पाठ करून घेतलं होतं : "काही बिलात घ्यायचं राहिलंय का?" ज्याचं राहिलेलं असतं तो लगेच पिशवी उघडतो. ज्याने मुद्दाम घेतलेलं असतं त्यालाही परत ठेवायची वाट मिळते. वस्तू वर करून दाखवायची गरज आजवर मला पडलेली नाही.

मडगाव, वकिली करतो

फोंड्याच्या ताईंसाठी लिहितो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ प्रमाणे चोरी ठरायला वस्तू अप्रामाणिकपणे घ्यायचा हेतू लागतो. विसरणं म्हणजे हेतू नव्हे. पहिलाच गुन्हा सिद्ध झाला, माल ५,००० रुपयांच्या आतला असला आणि तो परत केला, तर कायद्याने शिक्षासुद्धा समाजसेवेची ठेवली आहे. दहापट दंड वसूल करायचा अधिकार कुठल्याही दुकानाला नाही. खोलीत अडवून बसवणं हा उलट त्यांच्यावरचा प्रश्न होऊ शकतो. सामान्य नागरिकाला दुसऱ्याला पकडता येतं ते ठराविक गंभीर गुन्ह्यांतच, आणि तेव्हाही विनाकारण उशीर न लावता, सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावं लागतं. बाईची झडती पोलिसांनीसुद्धा बाईकडूनच घ्यायची असते.

अशा वेळी पळू नका, ओरडू नका. वस्तूची किंमत तिथल्या तिथे देऊ करा, कॅमेऱ्याचं चित्रण बघायला मागा. पोलिसांची धमकी दिली तर तुम्हीच ११२ लावा. कागदावर सही करायची नाही. करावीच लागली तर वर आपल्या हाताने लिहा : "बिल करायचं राहून गेलं, चोरीचा हेतू नव्हता." ताई, तुमच्या कागदावर नेमकं काय लिहिलं होतं? चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, ते जपून ठेवा असं लेखी पत्र आजच द्या.

पेडणे

माझ्या आईला विसरायचा आजार आहे. घरातून निघते, दुकानात जाते आणि साबण घेऊन चालू लागते, एकच वास, चंदनाचा. बाबा होते तेव्हा तोच आणायचे. आमच्या वाड्यावरचा गाडेवाला वहीत लिहून ठेवतो, मी शनिवारी पैसे देतो. त्याने एक शब्द आजवर काढला नाही.

गेल्या पावसात ती बसने म्हापशाला गेली. शुक्रवार होता, बाजाराचा दिवस. मला फोन आला तेव्हा एका दुकानाच्या जिन्याखाली तिला बसवलं होतं. मी पोचलो तर ती त्यांच्याच प्लास्टिकच्या पिशवीच्या घड्या घालत होती, चार, मग आठ, मग बोटाएवढी. मला बघून म्हणाली, "आयलो रे? हांवें चोरूंक ना." बाकी काही आठवत नव्हतं तिला, ते तेवढं पक्कं आठवत होतं. आता तिच्या ब्लाउजला आतून माझा नंबर शिवलाय. ते वाक्य मात्र मधूनच, जेवताना, ती अजून म्हणते.

फोंडा, मीच पुन्हा

वकीलदादा, कागदात काय होतं हे तुमचं वाचल्यावर आठवायचा प्रयत्न केला. "मी वस्तू चोरल्याचे कबूल करते" असं होतं, मला वाटतं.

पेडण्याचं वाचलं आणि रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही, स्कूटरची चावी काढून ठेवली. सकाळी दोघं गेलो. पत्राच्या दोन प्रती नेल्या, एकीवर पोच मागितली. मॅनेजर नव्हता. तोच वॉचमन होता, त्याने आत नेऊन शिक्का मारून आणला आणि जाताना म्हणाला, "मॅडम, उस दिन मेरे को वैसे नहीं दिखाना था." मला काय बोलावं सुचलं नाही, पाणी मागितलं. त्याने दिलं.

सहीचा कागद अजून त्यांच्याकडेच आहे. सोमवारी पुन्हा जाणार आहे.