कांडीतली कागदाची पट्टी

वर एकांनी विचारलंय, ‘नाकात ओढायच्या कांडीत कापूर-मेंथॉल सोडून असतं काय, त्याची कसली नशा?’ आपल्याकडच्या कांडीपुरतं बरोबर आहे. पण अमेरिकेत १९३० च्या दशकात आलेल्या बेन्झेड्रिन इनहेलरमध्ये चक्क अ‍ॅम्फेटामिन, म्हणजे मेंदूला तरतरी आणणारं नशेचं औषध असायचं, तेही डॉक्टरच्या चिठ्ठीविना. लोक नळी फोडून आतली औषधात भिजलेली कागदाची पट्टी काढायचे आणि गिळायचे, नाहीतर कॉफीत बुडवायचे. कंपनीने १९४९ मध्ये त्याजागी प्रोपिलहेक्सेड्रिन या त्याहून सौम्य औषधाची नळी आणली, तर लोकांनी तीही फोडली. चिकाटी मानली पाहिजे!

२००२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या अ‍ॅलन बॅक्स्टरचं स्कीइंगमधलं कांस्यपदक अशाच कांडीपायी गेलं. कांडीचं नाव तेच, त्याच्या ब्रिटनमधल्या कांडीसारखंच. पण अमेरिकेतल्या कांडीत लेव्हो-मेथअ‍ॅम्फेटामिन होतं, अ‍ॅम्फेटामिनच्याच कुळातलं.

आपल्याकडे खरी गोची नाकात घालायच्या थेंबांची. कोथरूडला मेट्रोचं काम चालू असताना धुळीने नाक चोंदायचं, म्हणून मी झायलोमेटाझोलिन हे नाक मोकळं करणारे थेंब दोन महिने घातले. नशा वगैरे काही नाही, पण थेंब चुकले की नाक दुप्पट बंद. शेवटी डॉक्टरांनी एकेक नाकपुडी करत सोडवलं. आधी डावी, मग उजवी.