आत राहून दबाव आणण्याबद्दल

'शेअर विकले तर दुसरा घेईल, त्यापेक्षा चर्चने भागधारक राहून तेल कंपन्यांवर दबाव आणावा' हा मुद्दा मला पटत नाही. चर्च ऑफ इंग्लंडने नेमकं तेच करून पाहिलं. २०१७ साली एक्झॉन या अमेरिकी तेल कंपनीच्या भागधारकांच्या सभेत त्यांनी इतरांसोबत मांडलेला हवामानविषयक ठराव ६२ टक्के मतांनी मंजूर झाला. मोठंच यश होतं ते! २०१८ मध्ये सिनॉडने, म्हणजे या चर्चच्या धोरणं ठरवणाऱ्या सभेने, कंपन्यांना २०२३ पर्यंतची मुदत दिली. पण कंपन्या पॅरिस हवामान कराराच्या वाटेवर आल्याच नाहीत. शेवटी जून २०२३ मध्ये शेल, बीपी, एक्झॉनमधून पैसा काढायचं ठरलं; पाद्र्यांच्या पेन्शन निधीनेही तोच निर्णय घेतला. म्हणून इतर चर्चच्या सभासदांनी आता विश्वस्तांकडे गुंतवणुकीची यादी मागावी. आणखी पाच वर्षं चर्चेत घालवू नयेत.