ऑस्लो ते बर्गन, वाटेत फियॉर्ड : एका दिवसात की मुक्काम करून? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघी शाळेपासूनच्या मैत्रिणी नॉर्वेला निघालो आहोत. वय 61 ते 63, गाव सांगली. एकीची लेक ऑस्लोत असते, तिच्याकडे चार दिवस राहून पुढे बर्गनला जायचं आणि परतीचं विमान बर्गनहूनच. तिकिटं काढून झाली, त्यामुळे ऑस्लोला परत येणं नाही. प्रश्न मधल्या एकाच दिवसाचा आहे, पण त्या दिवसासाठीच हा सगळा खटाटोप चाललाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्यातली एक निवृत्त भूगोल शिक्षिका. 31 वर्षं तिने हिमनदीचं कार्य शिकवलं. फळ्यावर आधी 'यू' आकाराची दरी काढायची, मग निळा खडू आडवा धरून तिच्यात पाणी भरायचं, वर एका बाजूला लोंबती दरी, म्हणजे मोठ्या दरीच्या कड्यावर उंच सुटलेली छोटी दरी, आणि तिच्यातून पडणारा धबधबा. झाला फियॉर्ड. मुलं विचारायची, "बाई, तुम्ही बघितलाय?" ती म्हणायची, "नाही रे, पण बघणार." तर तिला तो नीट दाखवायचा आहे. अडचण अशी की मागच्या दिवाळीनंतर तिचा उजवा गुडघा बदलला. सपाटीला छान चालते. पण उंच पायरी, ओली फरशी आणि हातात सामान असं एकत्र आलं की थांबते. बोलत काही नाही, नुसती थांबते.

सरळ बर्गनची रेल्वे धरली तर साडेसहा-सात तासांत पोचतो. हा मार्ग 1909 मध्ये पूर्ण झाला. त्यावरचं सगळ्यात उंच स्टेशन फिन्से, 1222 मीटर. म्हणजे आपल्या महाबळेश्वरहून कमीच, पण जूनमध्येही आजूबाजूला बर्फ असतो म्हणे. सुंदरच असणार. पण कड्यांमधला अरुंद फियॉर्ड या वाटेवर नाही.

त्यासाठी याच मार्गावरच्या मिरडाल स्टेशनला उतरायचं. तिथे मोटाररस्ताच जात नाही, येणंजाणं रेल्वेनेच. तिथून फियॉर्डकाठच्या फ्लोम गावाची छोटी गाडी 20 किलोमीटरांत साडेआठशे मीटरांहून जास्त खाली उतरते, उतार बऱ्याच ठिकाणी 18 ला 1, म्हणजे 18 मीटर पुढे गेलं की 1 मीटर खाली. खंडाळ्याचा घाट 37 ला 1 आहे, म्हणजे कल्पना करा. मध्ये शोसफॉसेन धबधब्याशी पाचेक मिनिटं थांबते. मग फ्लोमहून दोन तास बोटीने नेरॉय फियॉर्डमधून गुडवांगनला. 2005 पासून जागतिक वारसा यादीत असलेला हाच तो फियॉर्ड, चिंचोळ्या जागी जेमतेम 250 मीटर रुंद. पुढे बसने वॉस आणि तिथून पुन्हा रेल्वे. सकाळी आठच्या सुमारास निघालं तर बर्गनला रात्रीचे नऊ. उजेड असतो तेव्हाही, त्याची काळजी नाही. पण चार वेळा उतरा-चढा आणि चौघींच्या चार मोठ्या बॅगा!

दुसरा मार्ग सापडला तो असा की उन्हाळ्यात फ्लोमहून थेट बर्गनला वेगवान बोट असते, पाच-साडेपाच तासांची. एकदा बसलं की बसलं. पण ती सोग्ने फियॉर्डच्या मुख्य पात्राने जाते, नेरॉयमध्ये शिरत नाही. मैत्रीण म्हणते, "मला चालेल गं." मला नाही चालणार.

तर अनुभवी लोकांनी सांगा. बॅगा परस्पर ऑस्लोहून बर्गनच्या हॉटेलवर पोचवणारी सेवा कुणी वापरली आहे का? आमच्या वयाच्या माणसांनी हा प्रवास एका दिवसात केला असेल तर शेवटच्या गाडीत काय अवस्था होती, तेही खरं सांगा. आणि आम्ही चौघी शाकाहारी आहोत.

प्रतिसाद

ताई, मी बर्गनला राहतो, आईबाबांना घेऊन दोनदा गेलोय. एका दिवसात होतं, पण वॉसच्या गाडीत दोघंही झोपले होते. फ्लोमला एक मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी बॅगा हॉटेलातच ठेवून सकाळच्या बोटीने गुडवांगनला जा आणि तिथून शटल बसने परत फ्लोमला या. मध्ये अकरा किलोमीटरचा बोगदा आहे, त्यामुळे फार वेळ लागत नाही. मग दुपारची थेट बोट पकडून बर्गन. दोन्ही फियॉर्ड होतील आणि वॉसची धावपळ वाचेल. वेळा मात्र तारखेप्रमाणे बदलतात, त्या जुळतात ना ते बघून मगच पैसे भरा.

शोसफॉसेनला काकूंना खाली उतरवू नका, तुषारांनी फलाट ओला असतो. दार उघडं असतं, तिथून दिसतो. ऑस्लोहून निघताना डाव्या बाजूच्या खिडक्या मागा, फिन्सेची हिमनदी त्याच बाजूला आहे. खाण्याचं म्हणाल तर ऑस्लोहूनच दशम्या-चटणी बांधून घ्या. फ्लोमला किराणा दुकान आहे, दही-ब्रेड-फळं मिळतात.

धागाकर्ती

परत फ्लोमला येता येतं हे डोक्यातच आलं नव्हतं! मनापासून आभार. आत्ताच तिला फोन केला. आधी विचारलं, "खर्च किती वाढेल?" आणि मग, "बोट फियॉर्डच्या मधून जाते की काठाने? लोंबती दरी दिसायला मधून गेलेली बरी." तेवढं सांगाल का? आणि त्या शटल बसची पहिली पायरी किती उंच असते?