मतदार यादीत नाव नोंदवायला तयार नसलेल्या मुलीला काय सांगावे?

प्रश्न (एक आई, मांजलपूर, वडोदरा)

आमची मुलगी येत्या सप्टेंबरमध्ये १८ वर्षांची होईल. मतदार यादीचा विषय काढला की ती म्हणते, "एका मताने काय होणार आहे?" तिला राजकारणाचे वावडे आहे असे नाही, ती वर्तमानपत्र वाचते, आमच्याशी वादही घालते. मात्र मत, भाषणस्वातंत्र्य, कोर्टात दाद मागण्याची सोय या गोष्टी नळाच्या पाण्यासारख्या आपोआप येतात, असे तिने गृहीत धरले आहे. धाकदपटशा न करता या हक्कांची किंमत तिला कशी पटवून द्यावी?

उत्तर (निवृत्त शिक्षिका, रावपुरा)

ताई, तिच्याशी मतांचा हिशेब मांडू नका, कारण हिशेबात तीच जिंकेल. तिला पहिल्या मतदार यादीची हकीकत सांगा. १९३५ च्या कायद्यानुसार ब्रिटिश प्रांतांत मालमत्ता, कर किंवा शिक्षणाची अट पुरी करणाऱ्या थोड्यांनाच मत होते. आपल्या बडोदा संस्थानात सयाजीरावांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण मुलींसाठीही सक्तीचे केले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण राज्य कोणी चालवायचे हे ठरवणे प्रजेच्या हाती नव्हते, आणि राजा कितीही भला असला तरी त्याने दिलेले पुढचा राजा काढून घेऊ शकत होता.

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक प्रौढाला मत मिळाले आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी सुमारे १७ कोटी मतदारांची यादी तयार झाली. दारात आलेल्या माणसाला अनेक बायकांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून गळाल्या. निर्णय कठोर होता, तरी मला तो योग्य वाटतो, कारण मत त्या बाईचे स्वतःचे आहे, घरच्या पुरुषाचे नव्हे, हे त्यातून पक्के झाले. संविधान सभेच्या मूलभूत हक्क उपसमितीत काम केलेल्या हंसाबेन मेहता पुढे आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, हेही तिला जरूर सांगा.

उत्तर (वकील, दांडिया बाजार)

बाईंचे म्हणणे मान्य आहे, परंतु मिळालेला हक्क कायम राहतो असा समज त्यातून होऊ नये. आणीबाणीत अटकेतल्या लोकांनी उच्च न्यायालयांत धाव घेतली आणि काही न्यायालयांनी त्यांच्या अर्जांची दखलही घेतली; तेव्हा एप्रिल १९७६ मध्ये जबलपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला की आणीबाणी चालू असताना बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही. विरोधी मत देणारे एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना होते. संविधान तेच होते, जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणारा अनुच्छेद २१ छापलेला होता, तरी तुरुंगातल्या माणसाला त्याचा उपयोग नव्हता. १९७७ मध्ये लोकांनी मतपेटीतून सरकार बदलले आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचे संरक्षण) आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत अशी तरतूद झाली. आज आपल्याला जे संरक्षण आहे, ते त्या मतदानामुळे आले आहे. एका मताने काय होते, असे विचारणाऱ्या मुलीला मी तरी हाच क्रम सांगेन.

उत्तर (एक वाचक, अकोटा)

हक्क वापरून पाहिल्याशिवाय त्याची गोडी लागत नाही, असे माझे मत आहे. तुमच्या भागातला रस्ता वारंवार खोदला जात असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज तिला स्वतः लिहू द्या, मात्र १८ पूर्ण होईपर्यंत सही तुमची असू द्या. गुजरातमध्ये त्याचे शुल्क २० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. कामाचा ठेका किती रकमेचा होता आणि पाहणी कोणी केली, एवढे दोनच प्रश्न पुरेत.

नावनोंदणीचे म्हणाल तर १७ पूर्ण झाल्यावर नमुना ६, म्हणजे नवीन मतदाराचा नोंदणी अर्ज, आगाऊ भरता येतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार अर्हता तारखा आहेत, म्हणजे त्या दिवशी १८ पूर्ण असावी लागतात, त्यामुळे सप्टेंबरमध्ये १८ पूर्ण होणारी तुमची मुलगी १ ऑक्टोबरच्या तारखेत बसेल. फॉर्म तिच्याच हाताने भरू द्या, आणि यादी प्रसिद्ध झाली की नावाचे स्पेलिंग व पत्ता तिलाच तपासू द्या.