शब्दचर्चा: पाइप वाकतो, लवतो की डगमगतो?

मुलुंड: आमच्या गच्चीवर दुर्बिणीसाठी लोखंडी पाइपचा खांब बसवलाय. शाळेच्या मुलांसाठी त्याची माहिती मराठीत लिहितोय. व्हायब्रेशनला ‘कंपन’ चालतं, पण फ्लेक्सला काय? नुसतं ‘फ्लेक्स’ म्हटलं की मुलांना नाक्यावरचे शुभेच्छांचे फलकच आठवतात. ‘वाकणे’ लिहू का?

गिरगाव: नको. वाकलेला खिळा वाकलेलाच राहतो. तुमचा पाइप भार गेला की पुन्हा सरळ होतो, म्हणजे तो लवतो. ‘पापणी लवते न लवते तोच’ म्हणतो ना आपण, त्यात खाली जाऊन परत येणं आलंच.

परळ: ‘लवणे’च योग्य. फक्त लवणं आणि कंपन हे दोन सुटे दोष आहेत असं मुलांना वाटू देऊ नका. लवलेला खांब परत येताना जागेवर थांबत नाही, पलीकडे जातो, पुन्हा अलीकडे येतो, तेच कंपन. ताठपणा वाढवायचा तर व्यास वाढवावा. पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर लोखंड दुप्पट लागतं, ताठपणा मात्र सुमारे ८ पट होतो. उलट उंची दुप्पट केली तर वरच्या टोकाला तेवढ्याच धक्क्याने खांब ८ पट लवतो.

आणि ‘वाळू भरल्याने खांब ताठ होतो’ असं कृपया लिहू नका, हे फार ठिकाणी वाचायला मिळतं. वाळूने ताठपणा फारसा वाढत नाही. कण एकमेकांवर घासतात आणि कंप लवकर शमतो. पुस्तकी शब्द ‘अवमंदन’, पण मुलांना ‘शमणे’ लगेच कळेल. वाळू धुतलेली आणि कोरडी हवी. चौपाटीची खारी वाळू पाइप आतून खाईल.

गिरगाव: तिसरा शब्दही घ्या, ‘डगमगणे’. बोल्ट ढिले किंवा बेस प्लेट (खांबाच्या बुडाची लोखंडी पाटी) पातळ असेल तर पाइप कितीही ताठ असो, खांब बुडातून डगमगतो. माउंटखाली (दुर्बीण धरणाऱ्या भागाखाली) लेव्हलसाठी तीन लांब स्टड, म्हणजे आट्यांचे दांडे, असतील तर तेही लवतात, शक्य तितके आखूड ठेवा. खांब इमारतीच्या कॉलमवर आहे ना? मधल्या स्लॅबवर असेल तर शेजारून कुणी चाललं तरी दुर्बिणीत गुरू ग्रह नाचेल.

मुलुंड: कॉलमवरच आहे. मग असं लिहितो: ‘खांबाला टिचकी मारा. गुरू किती हलला त्यावरून खांब किती लवतो ते कळतं. किती वेळात स्थिर झाला त्यावरून कंप किती लवकर शमतो ते.’ ‘बेस प्लेट’, ‘बोल्ट’, ‘स्टड’ हे शब्द तसेच ठेवतोय, फॅब्रिकेटरही तेच म्हणतो.