क्लॅमिडिया: एका डोसचं अझिथ्रो की सात दिवसांचं डॉक्सी?

पाणकळा
क्लॅमिडिया म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणारा जिवाणूंचा संसर्ग. त्यावर दोन औषधं वर्षानुवर्षं चालत आली आहेत. एक अझिथ्रोमायसिन, १ ग्रॅम, एकदाच घ्यायचं. दुसरं डॉक्सिसायक्लीन, १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. दोन्ही सारखीच म्हणून सगळे सोप्या वाटेने गेले. ही सवय आता मोडायला हवी, असं माझं ठाम मत आहे. ब्रिटनने २०१८ मध्येच डॉक्सीला पहिली पसंती दिली, अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, २०२१ मध्ये. कारण मुख्यतः गुदाशयातला संसर्ग. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये डॉक्सीने सुमारे ९७ टक्के जण बरे झाले, अझिथ्रोने ७६ टक्के. म्हणजे अझिथ्रो घेतलेल्या चारांतला एक जण बरा झालाच नाही, आणि लक्षणं नसतील तर त्याला ते कळणारही नाही.

रातपाळी
मी लैंगिक आजारांच्या दवाखान्यात बरीच वर्षं नर्स आहे. तुमचे आकडे खरे, पण ते गोळ्या पोटात गेल्यावरचे. अझिथ्रो मी समोर पाणी देऊन गिळायला लावते, विषय संपला. डॉक्सीच्या चौदा गोळ्या मात्र घरी जातात. एक मुलगी तीन आठवड्यांनी परत आली, तेव्हा पर्समध्ये पाकीट होतं, आत नऊ गोळ्या शिल्लक. आईच्या हाती लागेल म्हणून ती रोज बाहेर पडल्यावरच गोळी घ्यायची, आणि सुट्टीचे दोन दिवस राहूनच गेले. मग जळजळ थांबली आणि तिने गोळ्या सोडल्या. तिला कुठलं औषध 'जास्त चांगलं', सांगा?

पाणकळा
त्या मुलीचं दुःख मी नाकारत नाही. पण २०१५ ची एक चाचणी बघा. किशोरवयीन मुलामुलींच्या सुधारगृहांमधली, दोन्ही गटांत दीडशेच्या वर मुलं. डॉक्सी घेतलेल्यांत एकही अपयश नाही, अझिथ्रोत पाच.

रातपाळी
तीच चाचणी माझ्या बाजूने बोलते! तिथे प्रत्येक गोळी कुणाच्या तरी देखरेखीखाली दिली जात होती. तेवढं करूनही जननमार्गाच्या संसर्गात फरक १०० विरुद्ध ९७ टक्के. माझ्या पेशंटच्या घरी देखरेखीला कोण उभं राहणार?

सूक्ष्मदर्शी
प्रयोगशाळेत काम करतो म्हणून एक भर घालतो. प्रश्न एकट्या क्लॅमिडियाचा नाही. त्याच रुग्णाला मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम हा लैंगिक संबंधातूनच पसरणारा दुसरा जंतूही असू शकतो, आणि अझिथ्रोच्या एका डोसने तो पुरता मरत नाही, उलट जे जंतू उरतात ते त्या औषधाला दाद देईनासे होतात. नंतर हाताशी फार थोडी औषधं राहतात. म्हणून 'एक डोस, विषय संपला' हे मला पटत नाही. विषय तिथे कधीकधी सुरू होतो.

ओलीसुकी
मी गरोदर असताना क्लॅमिडिया निघाला. डॉक्टरांनी डॉक्सीचा विचारही केला नाही, गरोदरपणात ते टाळतात. अझिथ्रो दिलं, आणि साधारण चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली. तेव्हा अझिथ्रोला सरसकट मागे ढकलू नका, आमच्यासारख्यांना तेच लागतं. आणि एक सांगते. माझं औषध पूर्ण झालं, पण नवऱ्याने तपासणीला जायला महिना लावला. त्या महिन्यात माझी झोप उडाली होती. जोडीदाराचे उपचार झालेच नाहीत तर यातलं कुठलंही औषध काय करणार?

पाणकळा
गरोदरपणाबद्दल पूर्ण सहमत, मूळ मुद्द्यातच लिहायला हवं होतं. जोडीदाराचंही खरं आहे. उपचारानंतर सात दिवस संबंध टाळायचे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, कारण पुन्हा लागण होणं फार सर्रास घडतं. तरीही ज्यांना डॉक्सी चालतं त्यांना तेच आधी द्यावं, या मतावरून मी हलणार नाही. मात्र देताना नीट समजावून द्यावं: भरपूर पाण्याबरोबर घ्या, गिळून लगेच आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. उन्हाने कातडी लवकर भाजते, तेही सांगा. निम्मे लोक गोळ्या सोडतात ते छातीत जळजळतं म्हणून, असं मला वाटतं.

रातपाळी
माझ्याकडे सोडतात ते लपवायला जागा नसते म्हणून. मी आता डॉक्सी देण्याआधी पहिला प्रश्न तोच विचारते: हे पाकीट सात दिवस कुठे ठेवणार? उत्तर आलं तर डॉक्सी. मान खाली गेली, तर मी डॉक्टरांना अझिथ्रो लिहायला सांगते आणि तीन महिन्यांनंतरची तारीख तिच्याकडून तिथेच ठरवून घेते.

सूक्ष्मदर्शी
आणि गुदाशयातला संसर्ग असेल, तर?

रातपाळी
तर सातही दिवस तिने दवाखान्यात येऊन घ्यावं. मी दार उघडं ठेवीन.