मदत हवी आहे: ओल धरणाऱ्या भिंतीवर जुन्या सागाचे पॅनेलिंग

नमस्कार. आमचे घर चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यात आहे. मागील वर्षी कवेलूंचे (कौलांचे) छप्पर उतरवून स्लॅब टाकला, तेव्हा आजोबांच्या काळातील सागाच्या मयाली (तुळया) आणि फाटे (वासे) निघाले. हे लाकूड विकायचे नाही, असे आईने तेव्हाच सांगितले होते. आता आरामशीनवर त्याच्या फळ्या काढून बैठकीच्या खोलीत भिंतींना तीन फूट उंचीचे पॅनेलिंग (फळ्यांचे आवरण), खाली जमिनीलगत स्कर्टिंगची पट्टी आणि वर गोलाईची पट्टी करावी, असा विचार आहे.

अडचण उत्तरेकडील चौदा फुटी भिंतीची आहे. जोत्यात ओलरोधक थर नसल्याने काळ्या मातीतील ओल पावसाळ्यात दोन फुटांपर्यंत चढते, पांढरे क्षार फुटतात आणि प्लास्टरचे पोपडे पडतात. एका दुकानदाराने पीव्हीसी पॅनेल सुचवले. त्याला उधई (वाळवी) लागत नाही आणि पाण्याने ते खराब होत नाही हे खरे, परंतु त्यामागे भिंत ओलीच राहणार आणि भुसभुशीत प्लास्टरमध्ये स्क्रू धरणार नाहीत. त्यामुळे तो पर्याय मला पटत नाही.

भिंतीत ओलरोधक उपचार करून, साडेतीन फुटांपर्यंतचे प्लास्टर काढून नवे करावे, ते पूर्ण वाळू द्यावे आणि मग पाऊण इंची पट्ट्यांवर फळ्या बसवून मागे हवा खेळती ठेवावी, असे मला वाटते. मात्र फळ्या उभ्या हव्या असल्याने पट्ट्या आडव्या येतील आणि हवा अडेल. त्यांना फूट-फूट अंतरावर खाचा पाडल्यास पुरेसे होईल का, की आधी उभ्या आणि त्यांवर आडव्या अशा दुहेरी पट्ट्या लावाव्यात?

दुसरा प्रश्न हंगामाचा आहे. लाकूड रुंदीत फुगते व आकसते. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. तेव्हा घट्ट बसवलेल्या फळ्या जुलैत एकमेकींना रेटतील आणि पावसाळ्यात बसवलेल्या फळ्यांत उन्हाळ्यात फटी दिसतील. आमचे सुतारकाका दिवाळीनंतर काम करू म्हणतात. एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते, अशा खाच-जिभेच्या सांध्यात तेव्हा किती जागा सोडावी, आणि खिळा फळीच्या एकाच कडेला मारावा का?

सागाचा गाभा उधईला दाद देत नाही, पण बाहेरची पांढरी (सालीलगतचे फिकट लाकूड) उधई खाते. म्हणून पांढरी काढूनच फळ्या घेणार आहे. तरीही भिंतीकडील बाजूला औषध व तेल लावावे का? ओलसर भिंतीवर असे काम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.